हनुवटी थोडी वर

बाजाराच्या तोंडाशीच फोटोताईंचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर एक निळा पडदा, एक स्टूल, दोन दिवे आणि एक आरसा. आरशाच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेला कंगवा, कारण आधीचे सगळे कंगवे लोकांच्या खिशातून घरोघरी नांदायला गेले होते. गावातला माणूस शाळेत निघाला की त्या स्टुलावर बसायचा, नोकरीला लागला की बसायचा, परवाना काढायचा म्हणून बसायचा आणि पेन्शनीच्या कागदासाठी शेवटचा येऊन बसायचा. फोटोताई कॅमेऱ्यामागे जात आणि एका दमात म्हणत, "हनुवटी थोडी वर. खांदे सरळ. दोन्ही कान दिसू देत. हसायचं नाही." मग त्या गप्प होत. श्वास रोखून गप्प. त्या गप्पपणात भल्याभल्यांचा चेहरा घडवलेल्या दगडासारखा होई.

काम चोख होतं. फोटोताईंनी काढलेला फोटो कुठल्याही कचेरीतून परत आला नव्हता. सावली नाही, डोळा मिटलेला नाही, केसाची बट कानावर नाही. लोक म्हणत, एक वेळ माणूस परत पाठवतील, पण ताईंचा फोटो नाही.

त्यांचे यजमान बटणवाले. बाजाराच्या दिवशी मोठ्या झाडाखाली त्यांची चटई पडायची आणि चटईवर पत्र्याच्या डब्यांची आरास. शर्टाची बटणं, कोटाची बटणं, टिचबटणं, हूक, नाड्या, इलास्टिक, सुयांची पाकिटं, रंगीत रिळं. माल चिमूटभर, पण गिऱ्हाईक रिकामं जायचं नाही, कारण बटणवाल्यांच्या जिभेवर कायम काहीतरी उकळत असे.

"सुईबाई बारीक, तिला एकच डोळा,
फाटकं सारं घर करी शिवून गोळा."

हे म्हणताना ते मान वाकडी करत, एक डोळा मिटून सुई होत आणि समोरची बाई हसता हसता दोन पाकिटं जास्त घेऊन जाई. शेजारची बटाटेवाली म्हणायची, "तुमच्या या आरोळीनं माझे बटाटे जागे राहतात, नाहीतर कधीच मोड आले असते."

असा हा माणूस. आणि याच माणसाला त्याची स्वतःची नात घाबरत होती.

लेक दूर देशी. तिची पोर चार वर्षांची, पिटकुली. पोरीच्या घरी भिंतीवर आजोबांचा फोटो होता, अर्थातच फोटोताईंनी काढलेला, निळ्या पडद्यासमोरचा. आणि सुट्टीच्या दिवशी फोनवर लेक समोर दिसायला लागली की बटणवाले खुर्ची ओढून घेत, खांदे सरळ करत, हनुवटी वर करत, केस कानामागे सारत आणि ओठ मिटून बसत. फोनला कॅमेरा असतो हे एकदा कळल्यावर त्यांचा इलाजच चालेना. पिटकुली भिंतीकडे बघे, फोनकडे बघे, आणि आईच्या मागे दडे.

"लाजते," बटणवाले म्हणायचे. "मोठी झाली की बोलेल."

एका सुट्टीला ते पाणी प्यायला आत गेले तेव्हा लेक हळूच म्हणाली, "आई, तुला म्हणून सांगते. लाजत नाहीये ती. त्यांना रागीट आजोबा म्हणते. पुढच्या सुट्टीत आम्ही यायचं ठरवलंय ना, तर म्हणते, रागीट आजोबा असतील तिथं मी नाही येणार. मला बाबांचा एखादा बाजारातला फोटो पाठव ना. जसे आहेत तसे. हा भिंतीवरचा काढून तो लावते."

"एवढंच ना," फोटोताई म्हणाल्या. आयुष्यभर फोटो काढले, त्यांना यात काय अवघड वाटणार.

पुढच्या बाजाराला त्यांनी दुकानाला कुलूप घातलं, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि निघाल्या. मनात हिशेब साधा होता. एकदम नवऱ्यावर कॅमेरा रोखला तर तो ताठ होणार. म्हणून सगळ्या बाजाराचेच फोटो काढत काढत जायचं आणि वाटेत तोही टिपायचा.

बाजार ऐन भरात होता. पिवळ्या पालाखालची माणसं पिवळी झाली होती, निळ्या पालाखालची निळी. एक म्हातारी टोमॅटो दाबून बघत होती, जसं काही त्याला ताप आलाय. पालेभाजीवर शिंतडलेलं पाणी जुडीच्या टोकाशी थेंब धरून बसलं होतं. अंड्यांच्या ट्रेवर ट्रे, आणि सगळ्यात वरच्या ट्रेवर अंडीवाल्याचा चहाचा पेला. मासळीच्या बाजूला मांजर असं बसलेलं की जणू त्याचंच दुकान. इतकी वर्षं इथून शंभर पावलांवर बसून, दुपारचा डबा देऊन परत फिरून, आपण हे पाहिलंच नाही, फोटोताईंना वाटलं. सगळं गाव आपल्या पडद्यासमोर येतं, म्हणून आपण गावात कधी हिंडलोच नाही.

बटाटेवाली कुणाशी तरी हमरीतुमरीवर आली होती. एक हात कमरेवर, दुसऱ्यात बटाटा, बटाटा गिऱ्हाइकाच्या नाकासमोर नाचतोय. फोटोताईंनी कॅमेरा उचलला.

बटाटेवालीला तो दिसला. तिनं बटाटा खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं, दोन्ही बटा कानामागे सारल्या, हनुवटी वर केली आणि डोळे न मिचकावता बघू लागली. तिच्याशी भांडणारं गिऱ्हाईकसुद्धा तिच्या शेजारी ताठ उभं राहिलं.

"अगं बाई, तू भांड ना," फोटोताई म्हणाल्या.

"भांडते ना. आधी तुमचं होऊ दे," ओठ न हलवता बटाटेवाली म्हणाली.

या बाजाराची एक रीत होती. एका टोकाला काही झालं की शब्द तोंडोतोंडी दुसऱ्या टोकाला पोचायचा. वारा सुटला, पालं धरा. बैल सुटलाय, अंडी उचला. तशी आता बटाटेवालीनं आरोळी दिली, "फोटोताई निघाल्यात हो, नीट बसा." लसूणवाल्यानं तो शब्द पुढे दिला, लसूणवाल्याकडून अंडीवाल्यानं घेतला, आणि बघता बघता सगळी ओळ सावरून बसली. फोटोताई जिथं जातील तिथं कान बाहेर, खांदे सरळ. एका पोत्यामागे झोपलेल्या हमालाला तर दोघांनी उठवून, केस विंचरून बसवलं.

लोकांचा काय दोष. ज्या बाईनं हसू नका म्हणून शिकवलं, तिच्यासमोर हसायचं कसं.

संध्याकाळी फोटोताईंनी ते फोटो पाहिले आणि कपाळाला हात लावला. फोटोभर एक बाजार, पण असा की जणू सगळ्या गावाला एकदमच कुणीतरी वाईट बातमी सांगितलीय. एका फोटोत मधोमध बटणवाले. हातात सुयांचं पाकीट, ते असं धरलेलं की जणू राजदंड.

बटणवाल्यांनी चष्मा लावून तो फोटो निरखला. "झकास आलाय. दोन्ही कान दिसतात."

"दिसतात," फोटोताई म्हणाल्या, आणि स्वयंपाकाला लागल्या.

त्यापुढच्या बाजाराला त्यांनी गनिमी कावा केला. चावीवाल्याच्या टपरीमागे अंड्यांच्या रिकाम्या खोक्यांची भिंत होती, तिच्यात हाताएवढी फट. फटीतून बरोबर बटणवाल्यांची चटई दिसायची. फोटोताई तिथं वाकून बसल्या. गुडघे कुरकुरले, पण त्या बसल्या. पलीकडे बटणवाले रंगात आले होते. एका गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात टाकून म्हणत होते,

"फाटल्याला टाका घाला, तुटल्याला गाठ,
रुसलेल्या माणसाची थोपटा पाठ."

फोटोताईंचं बोट कळीवर गेलं, तेवढ्यात डोक्यावर उजेड पडला. चावीवाल्यानं वरचं खोकं उचललं होतं.

"ताई? इथं अंधारात काय करता? फोटो काळा यायचा. पुढं या, पुढं चांगला उजेड आहे." आणि मान वळवून, उपकार केल्याच्या आवाजात, "अहो बटणवाले, कान दाखवा, वहिनी आल्यात."

बटणवाल्यांनी गिऱ्हाइकाच्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि कान दाखवले.

फोटोताई उठल्या. साडीला लागलेला भुसा झटकला. रागही आला आणि लाजही वाटली. ज्याच्याबरोबर जन्म काढला त्या माणसाला खोक्याच्या फटीतून बघायचं म्हणजे काय ते. चोर तरी बरा, तो परक्याच्या घरात शिरतो.

दुपारी बाजार मंदावला तेव्हा त्या जेवणाचा डबा घेऊन झाडाखाली गेल्या आणि नेहमीसारख्या चटईसमोर उभ्या राहिल्या. बटणवाल्यांनी डबा घेतला, पण उघडला नाही.

"काय चाललंय तुझं?" ते म्हणाले. "दोन बाजार झाले, दुकान बंद. चावीवाला विचारतो, वहिनींचं काही बिनसलंय का. काय सांगू त्याला?"

फोटोताईंनी इकडे तिकडे पाहिलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांच्या धंद्यात खोटं बसतच नसे.

"पिटकुली लाजत नाही," त्या म्हणाल्या. "ती तुम्हाला घाबरते. रागीट आजोबा म्हणते. तुम्ही असाल तर येणार नाही म्हणते."

बटणवाल्यांनी डबा खाली ठेवला. एका डब्यातली पांढरी बटणं दुसऱ्यात पडली होती, ती वेचून परत टाकू लागले. बराच वेळ वेचत राहिले.

"मला?" ते शेवटी म्हणाले. "मला तर कुत्रंसुद्धा घाबरत नाही."

"माहीत आहे मला."

"पोरं तर माझ्या चटईवरनं उठत नाहीत. आयांना ओढून न्यावं लागतं."

"अहो, पण तिनं तुम्हाला चटईवर पाहिलंय कुठं? तिनं तुम्हाला भिंतीवर पाहिलंय. आणि फोनमध्ये. दोन्हीकडे तुम्ही माझ्या स्टुलावर बसल्यासारखे."

बटणवाल्यांनी मान हलवली. मग एकदम सरसावून बसले. "मग हसतो की. त्यात काय. काढ फोटो."

त्यांनी कॅमेऱ्याकडे तोंड केलं, हनुवटी वर केली, कान दाखवले, आणि वर हसले. फोटोताईंनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"काय झालं?"

"दाढ दुखत असल्यासारखे दिसता."

पलीकडून बटाटेवाली म्हणाली, "मला वाटलं मिरची चावली."

"तू बटाटे बघ," बटणवाले म्हणाले, पण त्यांच्या खांद्यातलं ताठपण गेलं. ते हळू आवाजात, फक्त बायकोला ऐकू जाईल असं बोलले. "खरं सांगू? मला नाही जमत. आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी परवान्याच्या फोटोला आलो होतो. आठवतं? तू कॅमेऱ्यामागे गेलीस आणि गप्प झालीस. तोवर मला असं नीट कुणी बघितलंच नव्हतं. बाजारात लोक बटणं बघतात. बटणवाल्याकडे कोण बघतो? तेव्हापासनं तू तो कॅमेऱ्याचा डबा डोळ्याला लावलास की मला वाटतं, आता ती बघतेय, आता चांगलं दिसलं पाहिजे. हसायचं सुचतच नाही."

फोटोताईंनी हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. एवढी वर्षं त्या समजत होत्या की माणसं त्यांच्या हुकमानं ताठ होतात. हा एकटा मायेनं ताठ होत होता, आणि दोन्ही ताठपणं त्यांच्या फोटोत अगदी सारखीच आली होती.

ऊन चटईच्या कडेवर आलं होतं. पाय दुखत होते. "सरका जरा," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"तिकडं. बसू द्या मला."

बटणवाल्यांनी पोतं झटकलं, घडी करून शेजारी घातलं. फोटोताई आजवर इथं समोर उभ्या राहत, गिऱ्हाइकासारख्या. आज पहिल्यांदाच त्या डब्यांच्या या बाजूला, नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसल्या. कॅमेरा मांडीवर ठेवला आणि दोघांनी डबा उघडून जेवायला सुरुवात केली.

आणि बसल्या बसल्या त्यांना बाजार उलटा दिसायला लागला. समोरून येणारं माणूस बटणांवर वाकायचं, आणि वाकलं की त्याचा चेहरा सुटा व्हायचा. रंग जुळवताना एका बाईची जीभ ओठाच्या कोपऱ्यात आली होती. एक शिंपी कोटाचं बटण दाताखाली धरून पारखत होता. एका आजीनं इलास्टिक दोन्ही हातांनी असं ताणलं की तिच्या मागचा माणूस दचकून बाजूला झाला. कुणीच फोटोताईंकडे बघत नव्हतं. शेजारी बसलेल्या बाईकडे कोण बघतो? समोर उभी राहिली की ती फोटोताई. शेजारी बसली की बटणवाल्यांची बायको, जेवायला आलेली.

त्यांनी कॅमेरा मांडीवरच थोडा वर केला. डोळ्याला लावला नाही. श्वास रोखला नाही. दाबलं. पुन्हा दाबलं. बोलता बोलता हात हलतो म्हणून त्या आयुष्यात कधी काम करताना बोलल्या नव्हत्या, आणि आता विचारत होत्या, "एवढी हिरवी रिळं कोण नेतं हो?"

"शाळेचे गणवेश हिरवे झाल्यापासून गाव हिरवंच शिवतंय," बटणवाले म्हणाले.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. कोट अंगात होता, मधलं बटण गेलेलं, खालचं बटण तोडून नमुन्याला हातात आणलेलं. म्हणजे आता दोन गेलेली.

"याच्यासारखं एक द्या," ते म्हणाले.

बटणवाल्यांनी ते बटण तळहातावर घेतलं, उलटंसुलटं केलं आणि गंभीरपणे सुस्कारा सोडला. "याचा जुळा भाऊ होता हो आमच्याकडे. सकाळीच लग्न करून गेला. एका हिरव्या कोटाच्या घरी दिला."

गृहस्थ आधी बघतच राहिले, मग खदखदून हसले. आणि बटणवाले, आपला विनोद घरच्या माणसाला कसा लागला ते बघायला, चटकन बायकोकडे वळले. "काय गं? चांगलं स्थळ होतं ना?"

फोटोताईंच्या बोटानं कळ दाबली. त्यांना वाटलं, आपण दाबलीच नाही, ती आपोआप दबली.

घरी दोघांनी तो फोटो पाहिला. फोटोताईंच्या दुकानात तो त्यांनी स्वतःच फाडून टाकला असता. हनुवटी खाली. तोंड उघडं. एक डोळा मिटायच्या बेतात. एक कान दिसतोय, दुसऱ्याचा पत्ता नाही. चेहऱ्यावर पानांच्या फटीतून आलेला उन्हाचा पट्टा. मागचं झाड एका बाजूला कललेलं. आणि त्या सगळ्या चुकांच्या मधोमध तो माणूस, सगळाच्या सगळा, जणू आत्ता फोटोतून बाहेर येऊन डाळीला फोडणी कमी पडली म्हणेल.

बटणवाल्यांनी फोटो हातभर लांब धरून पाहिला. मग म्हणाले, "हा नको पाठवू. तोंड बघ, विहिरीसारखं. काय म्हणेल ती, आजोबा असा?"

"असाच आहे तिचा आजोबा."

"मी लोकांकडे बघताना असा दिसतो?"

"लोकांकडे नाही," फोटोताई म्हणाल्या. "माझ्याकडे वळलात तेव्हाचा आहे."

बटणवाल्यांनी फोटो पुन्हा जवळ घेतला. चष्मा कपाळावर सारला, परत खाली घेतला. "तुझ्याकडे बघताना मी रोजच असा दिसतो?"

"रोजच. डबा डोळ्याला नसला की."

"मग पाठव," ते म्हणाले आणि उठून उगाचच खिडकी लावायला गेले. खिडकी लावलेलीच होती.

लेकीनं फोटो मोठा करून घेतला आणि भिंतीवरच्या जुन्या चौकटीत बसवला. सुट्टीच्या दिवशी फोन आला. बटणवाल्यांनी खुर्ची ओढली, आणि सवयच ती, खांदे सरळ केले. फोटोताई कपाळाला हात लावणार, तेवढ्यात त्यांना दिसलं की पिटकुली फोनकडे बघतच नाहीये. फोनकडे पाठ करून ती भिंतीसमोर खुर्चीवर चढून उभी होती आणि फोटोशी बोलत होती.

"तू का हसतोयस?"

लेकीनं हसू दाबत फोन पोरीच्या पाठीमागे धरला. बटणवाले गोंधळले. कुणी बघत नाही म्हटल्यावर ताठ तरी कुणासाठी बसायचं. ते पुढे वाकले.

"एका बटणाचं लग्न झालं म्हणून," ते म्हणाले.

पिटकुलीनं फोटोकडे निरखून पाहिलं. फोटो बोलला याचं तिला नवल वाटलं नाही. "कुणाशी?"

"हिरव्या कोटाशी."

"बटणाला आई आहे?"

"आहे ना. सुई. तिला एकच डोळा आहे, पण सगळं दिसतं तिला."

मग पिटकुलीनं एका दमात सगळं सांगितलं. शाळेत कुणी कुणाला चिमटा काढला, मोजा कसा हरवला, आई केस विंचरताना कशी ओढते. बटणवाले हं हं करत होते, मध्येच अरेरे म्हणत होते, आणि चिमटा काढणाऱ्याला टाचणीच्या डब्यात कोंडायचं ठरवत होते. ऐकता ऐकता त्यांची मान कधी वाकडी झाली, एक डोळा कधी मिटला, त्यांचं त्यांना कळलं नाही. पाठीमागून आवाज येतोय हे पोरीला उशिरा उमगलं. ती वळली. फोनमधल्या आजोबांकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग पुन्हा फोनकडे.

"हाच आहे," ती आईला म्हणाली. "तो रागीट गेला?"

"कधीच गेला," फोटोताई मागून म्हणाल्या.

"मग मी येते. मला एक बटण देशील?"

"कुठल्या रंगाचं?" बटणवाल्यांनी विचारलं, अगदी चटईवर विचारतात तसं.

"लाल. मोठं. चार भोकांचं."

बटणवाले उठले. कपाटावरून डबे काढले, एक, दोन, तीन, जमिनीवर पालथे केले. घरभर बटणं घरंगळली. त्यांना पाहिजे ते कोचाखाली सापडलं. गुडघ्यावर बसल्या बसल्याच त्यांनी ते उचललं, फुंकर मारून पुसलं आणि फोनसमोर धरलं. इतकं जवळ धरलं की तिकडे नुसतं लालच लाल झालं आणि त्यात चार काळी भोकं.

"आजोबा, तू दिसत नाहीस," पिटकुली म्हणाली.

"इथंच आहे गं मी," बटणामागून आवाज आला. "आधी बटण बघ. आवडलं का सांग. नाहीतर दुसरं काढतो."